मेसमधल्या दंग्यात डोळा गेला, स्पेन कधी पाहिलाही नाही. तरीही स्पेनचा इतिहास जगाला सांगणारे विल्यम प्रेस्कॉट

कॉलेजची मेस. जेवणं उरकली आहेत, लक्ष ठेवणारे शिक्षक बाहेर पडले आहेत आणि मागे राहिलेल्या पोरांनी दंगा सुरू केलाय. हाताला येईल ते एकमेकांवर फेकणं चाललंय. एक मुलगा या दंग्यात नाहीच. तो दाराकडे निघालाय. मागे कसला गोंधळ चाललाय म्हणून तो वळून बघतो आणि त्याच क्षणी पावाचा एक कडक तुकडा थेट त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यावर येऊन आदळतो. मुलगा जागेवर कोसळतो.

ही गोष्ट अमेरिकेतल्या हार्वर्ड कॉलेजची, दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीची. त्या मुलाचं नाव विल्यम हिकलिंग प्रेस्कॉट. त्याचा डावा डोळा कायमचा गेला. थोड्याच वर्षांत उजवाही धड राहिला नाही.

पुढे याच माणसाने स्पेनच्या इतिहासावर असे ग्रंथ लिहिले की अमेरिका, इंग्लंड आणि खुद्द स्पेननेही त्यांची दखल घेतली. आज अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये स्पेनची भाषा, इतिहास आणि संस्कृती हा मोठा अभ्यासविषय आहे. त्याची सुरुवात शोधायला गेलं की प्रेस्कॉट यांचं नाव टाळता येत नाही. विशेष म्हणजे प्रेस्कॉट आयुष्यात एकदाही स्पेनला गेले नाहीत.

मग हे जमलं कसं? आणि त्यांनी रंगवलेला स्पेन कितपत खरा होता?

वकील व्हायचं होतं, पण...

प्रेस्कॉट यांचा जन्म ४ मे १७९६ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम गावातला. घराणं नावाजलेलं. आजोबा कर्नल विल्यम प्रेस्कॉट म्हणजे १७७५ च्या बंकर हिलच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांचे नायक. वडील मोठे वकील. मुलानेही वकिली करावी, असं घरात ठरल्यासारखंच होतं. १८०८ मध्ये कुटुंब बॉस्टनला आलं आणि १८११ मध्ये विल्यम हार्वर्डमध्ये दाखल झाले.

अपघातानंतर काही आठवड्यांत ते पुन्हा वर्गात बसायला लागले. तो तुकडा कोणी फेकला हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी त्याचा कधी बोभाटा केला नाही.

त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला एक किस्सा सांगितला जातो. गणित त्यांच्या डोक्यात अजिबात शिरत नसे. मग त्यांनी भूमितीच्या सिद्धता अक्षरन् अक्षर पाठ करून म्हणून दाखवायला सुरुवात केली. शेवटी त्यांनी स्वतःच प्राध्यापकांना सांगून टाकलं की यातलं आपल्याला काही कळत नाही, फक्त पाठांतर आहे. प्राध्यापकांनीही त्यांना त्या कटकटीतून मोकळं केलं. तेव्हा हा गमतीचा भाग होता. पण हीच पाठांतराची ताकद पुढे त्यांच्या सगळ्या लेखनाचा आधार ठरली.

१८१४ मध्ये पदवी मिळाली. वडिलांच्या कचेरीत कायद्याचा अभ्यास सुरू झाला. आणि १८१५ च्या सुरुवातीला उजव्या, म्हणजे उरलेल्या एकमेव डोळ्याला जबरदस्त दाह सुरू झाला. सोबत संधिवात. काही दिवस तर काहीच दिसत नव्हतं.

अंधाऱ्या खोलीतले तीन महिने

हवापालट व्हावा म्हणून घरच्यांनी त्यांना अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर पाठवलं. तिथे त्यांचे आईकडचे आजोबा थॉमस हिकलिंग हे अमेरिकेचे वाणिज्य प्रतिनिधी होते. बेट सुंदर होतं, पण तिथे पोचल्यावर डोळा पुन्हा बिघडला. जवळपास तीन महिने त्यांना अंधार केलेल्या खोलीत काढावे लागले. एकोणीस वर्षांचा हा तरुण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मैलोन्मैल चालायचा आणि मोठ्याने गाणी म्हणायचा.

तिथून ते लंडनला गेले. तिथल्या नामवंत डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की गेलेला डोळा परत येणार नाही आणि दुसऱ्याला आयुष्यभर जपावं लागेल. वकिलीचा विषय तिथेच संपला.

पण लंडनमध्ये एक वस्तू हाती लागली. तिचं नाव नॉक्टोग्राफ.

नॉक्टोग्राफ म्हणजे काय?

पाटीसारखी एक चौकट. तिच्यावर आडव्या पितळी तारा ताणलेल्या. खाली पांढरा कागद आणि त्यावर काजळी लावलेला कागद, आजच्या कार्बन पेपरसारखा. लिहायला शाईचा टाक नाही, तर हस्तिदंताची टोकदार कांडी. ही कांडी दोन तारांच्या मधून सरकवत न्यायची. तारांमुळे ओळ वाकडी जात नाही आणि दाबामुळे खालच्या कागदावर अक्षर उमटतं.

आंधळ्या माणसाला लिहिताना दोन मोठ्या अडचणी येतात. टाकातली शाई संपली तरी कळत नाही आणि ओळीवर ओळ चढते. नॉक्टोग्राफने दोन्ही सोडवल्या. मात्र लिहिलेलं वाचून बघता येत नसे, त्यामुळे खोडून सुधारायची सोय नव्हती. जे लिहायचं ते आधी डोक्यात पक्कं करूनच लिहावं लागे. प्रेस्कॉट यांची नॉक्टोग्राफवरची अक्षरं इतकी दुर्बोध असत की ती लावून, मोठ्या अक्षरात उतरवून काढणं हे त्यांच्या मदतनिसाचं मोठं काम होतं.

मित्राच्या व्याख्यानांनी दिशा दिली

१८१७ मध्ये प्रेस्कॉट बॉस्टनला परतले. १८२० मध्ये सुझन अ‍ॅमोरी यांच्याशी लग्न झालं. यातही एक योगायोग आहे. बंकर हिलच्या लढाईत सुझन यांचे आजोबा कॅप्टन लिन्झी इंग्रजांच्या बाजूने होते आणि त्यांच्या जहाजावरच्या तोफा अमेरिकन फौजेवर आग ओकत होत्या. एकमेकांविरुद्ध लढलेल्या या दोन आजोबांच्या तलवारी पुढे प्रेस्कॉट यांच्या अभ्यासिकेत फुलीसारख्या एकत्र टांगलेल्या असत.

घरचा पैसा होता, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. पण करायचं काय, हा प्रश्न होताच. प्रेस्कॉट यांनी साहित्याच्या अभ्यासात आयुष्य घालवायचं ठरवलं. इंग्रजी झालं, फ्रेंच झालं, इटालियन झालं. पुढे जर्मन शिकायचं होतं, पण डोळ्याला तो ताण झेपेना. ते सोडून द्यावं लागलं.

इथे एका मित्राचा प्रवेश होतो. जॉर्ज टिकनर. एका श्रीमंत व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून हार्वर्डमध्ये फ्रेंच आणि स्पॅनिशसाठी प्राध्यापकाचं खास पद तयार झालं होतं आणि टिकनर हे त्या पदावरचे पहिले प्राध्यापक. त्यांनी जर्मनीत शिक्षण घेतलं होतं, १८१८ मध्ये स्पेन फिरून पाहिला होता आणि १८१९ पासून ते हार्वर्डमध्ये शिकवत होते. त्या काळी अमेरिकन विद्यापीठात स्पॅनिश साहित्य शिकवणं ही अगदी नवी गोष्ट होती.

१८२४ च्या शरद ऋतूत मित्राचा वेळ बरा जावा म्हणून टिकनर यांनी आपली स्पॅनिश साहित्यावरची व्याख्यानं प्रेस्कॉट यांना घरी बसून वाचून दाखवली. वर्गात मुलांसाठी तयार केलेली व्याख्यानं, ऐकणारा एकच. पण त्याचा परिणाम असा झाला की त्याच वर्षाच्या अखेरीस प्रेस्कॉट यांनी स्पॅनिश शिकायला घेतलं.

विषय ठरला: फर्डिनांड आणि इसाबेला

इतिहास लिहायचा, हे ठरत चाललं होतं. रोम, इटली, स्पेन असे पर्याय समोर होते. बराच खल केल्यावर १९ जानेवारी १८२६ रोजी प्रेस्कॉट यांनी निर्णय घेतला. विषय होता स्पेनचे राजा फर्डिनांड आणि राणी इसाबेला यांची कारकीर्द.

हाच विषय का? कारण आज आपण ज्याला स्पेन म्हणतो, त्याची घडण इथून सुरू होते. कॅस्टिलची इसाबेला आणि अ‍ॅरॅगॉनचा फर्डिनांड यांचं लग्न १४६९ मध्ये झालं आणि दोन राज्यं एका घरात आली. १४९२ या एकाच वर्षात ग्रॅनाडाचं शेवटचं मुस्लीम राज्य पडलं, ज्यूंना देश सोडायचा हुकूम निघाला आणि कोलंबस समुद्रापार निघाला. धर्माच्या नावाने लोकांची चौकशी करून शिक्षा देणारं इन्क्विझिशनही याच काळातलं. साम्राज्याची सुरुवात आणि धार्मिक छळ, दोन्ही एकाच कारकिर्दीत. इतिहासकाराला यापेक्षा मोठा विषय कुठे मिळणार?

पण बॉस्टनमध्ये याची पुस्तकं नव्हती. प्रेस्कॉट यांनी माद्रिदमधले अमेरिकेचे राजदूत अलेक्झांडर एव्हरेट यांना पत्रं लिहून पुस्तकं आणि कागदपत्रं मागवायला सुरुवात केली. पहिली पुस्तकं आली, तेव्हा नेमका डोळा पुन्हा बिघडला होता. समोर पुस्तकांचा ढीग आणि वाचता एकही येत नाही.

स्पॅनिश न येणारा वाचक

त्यांनी वाचून दाखवायला एक माणूस ठेवला. अडचण अशी की त्याला स्पॅनिश येत नव्हतं. मग प्रेस्कॉट यांनी त्याला फक्त उच्चार शिकवले. तो एका अक्षराचाही अर्थ न कळता मोठमोठ्या स्पॅनिश ग्रंथांची पानं वाचत जायचा आणि प्रेस्कॉट ऐकून अर्थ लावायचे. गावाकडच्या घरी झाडाखाली बसून दोघांनी अशा रीतीने मारियाना या जुन्या स्पॅनिश इतिहासकाराचे खंड पुढे रेटले. नंतर स्पॅनिश जाणणारे मदतनीस मिळाले आणि काम सुसह्य झालं.

कामाची पद्धत ठरून गेली. मदतनीस वाचणार, प्रेस्कॉट टिपणं सांगणार किंवा नॉक्टोग्राफवर लिहिणार. ती टिपणं पुन्हा पुन्हा वाचून घेणार. मग घोड्यावरून फेरफटका मारताना किंवा चालताना अख्खं प्रकरण मनात रचणार आणि सगळं जुळलं की लिहायला बसणार. छापील साठ पानांइतका मजकूर ते डोक्यात धरून ठेवू शकत, असं टिकनर यांनी नोंदवलंय. आळस येऊ नये म्हणून ते मदतनिसाशी पैजा लावत. ठरलेली पानं वेळेत झाली नाहीत तर दंड.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. प्रेस्कॉट पूर्ण अंध नव्हते. चांगल्या काळात उजव्या डोळ्याने थोडा थोडा वेळ वाचता येई, वाईट काळात अजिबात नाही. आणि पगारी वाचक, माद्रिदहून पुस्तकं, नकला करून घेणं, हे सगळं श्रीमंतीमुळे शक्य झालं. तेवढीच जिद्द असलेल्या गरीब माणसाला हे जमलं नसतं.

१८२९ मध्ये त्यांची चार वर्षांची थोरली मुलगी गेली. काम काही काळ थांबलं. त्याच वर्षी सावरून त्यांनी प्रत्यक्ष लेखन सुरू केलं आणि १८३६ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. तयारीपासून मोजलं तर दहा वर्षं. या काळात ते काय करताहेत हे बाहेर फार कोणाला माहीतच नव्हतं. एका नातेवाइकाने तर त्यांना रस्त्यात गाठून आयुष्य वाया घालवण्यापेक्षा काहीतरी गंभीर काम हाती घ्या, असा उपदेश केला होता.

पुस्तक तयार झाल्यावरही ते छापावं की नाही, याची प्रेस्कॉट यांना धाकधूक होती. लिहून न छापणं हा भित्रेपणा आहे, असं वडिलांनी सुनावलं. १८३७ च्या नाताळात तीन खंड बाजारात आले. पहिल्या पाचशे प्रती पाच आठवड्यांत संपल्या. १८३९ मध्ये माद्रिदच्या राजेशाही इतिहास अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं. ज्या देशात ते कधी गेले नाहीत, त्या देशाच्या इतिहासकारांनी त्यांना आपल्यात घेतलं होतं.

मेक्सिकोचं पुस्तक आणि युद्ध

पुढचा विषय होता स्पॅनिश सरदार एर्नान कोर्तेस याने मेक्सिकोतलं अझ्टेक राज्य कसं जिंकलं, हा. यावर त्या वेळचे अमेरिकेतले सर्वांत लोकप्रिय लेखक वॉशिंग्टन आयर्विंग यांनी आधीच काम सुरू केलं होतं. प्रेस्कॉटही त्याच वाटेवर आहेत हे कळल्यावर आयर्विंग यांनी आपला विषय सोडून दिला. लेखकांच्या जगात असा मोठेपणा क्वचितच दिसतो.

स्पेनमधल्या दप्तरांतून कागदपत्रांच्या सुमारे आठ हजार पानांच्या नकला बॉस्टनला आल्या. यात आणि नंतरच्या कामात पास्कुआल दे गायांगोस या स्पॅनिश विद्वानाची त्यांना मोठी मदत झाली. गायांगोस अरबीचे जाणकार. लंडन, माद्रिद असं फिरून ते प्रेस्कॉट यांच्यासाठी जुने कागद शोधत आणि उतरवून घेत. मेक्सिकोतले डोंगर, झाडं, पक्षी कसे आहेत, हे प्रेस्कॉट यांनी फॅनी काल्देरॉन दे ला बार्का यांच्या पत्रांतून समजून घेतलं. फॅनी या मेक्सिकोतल्या स्पॅनिश राजदूताच्या पत्नी आणि स्वतः लेखिका.

१८४३ मध्ये हा ग्रंथ आला आणि पहिल्यापेक्षा जास्त गाजला. तीनच वर्षांत अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध सुरू केलं. १८४७ मध्ये जनरल स्कॉट यांची फौज वेराक्रूझला उतरून राजधानीकडे निघाली, म्हणजे साधारण कोर्तेसच्याच वाटेने. अनेक अमेरिकन सैनिकांनी प्रेस्कॉट यांचं पुस्तक वाचलेलं होतं आणि ते स्वतःला नवे विजेते समजत होते.

प्रेस्कॉट यांचा या युद्धाला विरोध होता. या नव्या विजयाचा इतिहास लिहावा, असं त्यांना सुचवलं गेलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. पण पुस्तक एकदा लोकांच्या हातात गेलं की ते कशासाठी वापरलं जाईल, हे लेखकाच्या हातात राहत नाही.

कोणती बाजू राहून गेली?

मेक्सिकोत या ग्रंथाची स्पॅनिश भाषांतरं लगेच छापली गेली, तीही तिथल्या विद्वानांच्या टिपांसह. लुकास आलामान आणि होसे फर्नांडो रामिरेझ यांनी प्रेस्कॉट यांची मेहनत मान्य केली आणि जिथे पटलं नाही तिथे दुरुस्त्याही सुचवल्या. रामिरेझ यांचा मुख्य आक्षेप स्थानिक लोकांकडे बघण्याच्या नजरेवर होता.

तो आक्षेप रास्त होता. प्रेस्कॉट यांच्या मेक्सिकोत नायक कोर्तेस आहे. हरलेल्यांची बाजू येते, पण ती बहुतेक वेळा जिंकणाऱ्यांच्या कागदांतून. अझ्टेकांच्या नाहुआट्ल भाषेतल्या नोंदींवर आधारलेलं, हरलेल्यांच्या नजरेतून ही गोष्ट सांगणारं मिगेल लेऑन-पोर्तिया यांचं प्रसिद्ध संकलन मेक्सिकोत आलं ते १९५९ मध्ये. प्रेस्कॉट यांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी.

स्पेनबद्दलही तसंच. प्रेस्कॉट बॉस्टनचे, प्रोटेस्टंट, लोकशाहीवादी. राजाची अनिर्बंध सत्ता आणि कॅथलिक धर्मपीठाचा कट्टरपणा यांनी स्पेनला खाली ओढलं आणि याच्या नेमकं उलट म्हणून अमेरिका पुढे गेली, असं सूत्र त्यांच्या लेखनात दिसतं. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड केगन यांनी १९९६ मध्ये या विचारचौकटीला प्रेस्कॉट यांचंच नाव दिलं. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या स्पेनकडे याच चष्म्यातून बघत राहिल्या, असं त्यांचं म्हणणं.

हा दोष डोळ्यांचा नव्हता. उत्तम दृष्टी असलेले त्यांच्या काळातले बहुतेक बॉस्टनकर स्पेनकडे असंच बघत होते. फरक इतकाच की प्रेस्कॉट यांनी मूळ कागद जमवले आणि कोणती गोष्ट कुठल्या कागदावरून घेतली हे तळटीपांमध्ये लिहून ठेवलं. त्यामुळे नंतरच्यांना त्यांचं म्हणणं तपासता आलं आणि खोडूनही काढता आलं.

अपुरा राहिलेला राजा

१८४७ मध्ये पेरूच्या विजयाचा इतिहास आला. १८५० मध्ये प्रेस्कॉट इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डने मानद पदवी दिली, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. स्पेन मात्र याही वेळी राहून गेला.

शेवटचं काम होतं स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा इतिहास. या राजाचा आपल्या भागाशीही संबंध येतो. १५८० मध्ये पोर्तुगालचं राज्य फिलिपच्या हाती गेलं आणि त्यासोबत पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवाही त्याच्या अमलाखाली आला. पण प्रेस्कॉट यांचा ग्रंथ त्या टप्प्यापर्यंत पोचलाच नाही. दोन खंड १८५५ मध्ये आले. फेब्रुवारी १८५८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून उठून त्यांनी तिसरा खंड त्याच वर्षी पूर्ण केला. २८ जानेवारी १८५९ रोजी दुसरा झटका आला आणि त्याच दिवशी बॉस्टनच्या घरी ते गेले. वय ६२.

त्यांनी एक इच्छा सांगून ठेवली होती. दफनाआधी आपला देह थोडा वेळ अभ्यासिकेत, पुस्तकांच्या मध्ये ठेवावा. घरच्यांनी तसंच केलं.

बॉस्टनच्या बीकन स्ट्रीटवरचं ५५ नंबरचं त्यांचं घर आज संग्रहालय आहे. टिकनर यांनी १८६४ मध्ये आपल्या मित्राचं चरित्र लिहिलं आणि या लेखातल्या कितीतरी गोष्टी त्यामुळेच टिकल्या. आज स्पेनचा इतिहास शिकणारा विद्यार्थी प्रेस्कॉट यांना अंतिम शब्द मानत नाही. त्यांना वाचताना शेजारी आलामान, रामिरेझ आणि लेऑन-पोर्तियाही ठेवावे लागतात. पण वाचायचं कुठून, हा प्रश्न अमेरिकेत पहिल्यांदा ज्यांनी मनावर घेतला, त्यांत एक होता प्राध्यापक टिकनर आणि दुसरा होता त्यांची व्याख्यानं घरी बसून ऐकणारा, स्वतःला नीट वाचता न येणारा त्यांचा मित्र.